खुराड्यासाठी कमी धुळीची गादी कशी निवडावी

रात्री कोंबड्या दांडीवर चढून शांत झाल्या की टॉर्च घेऊन खुराड्याचे दार उघडा. टॉर्च आडवी धरा आणि खालची गादी, म्हणजे जमिनीवर अंथरलेला भुसा-काड वगैरे, पायाने जराशी ढवळा. झोतात जे तरंगताना दिसेल तेच तुमच्या कोंबड्या दिवसभर उकरतात आणि श्वासाबरोबर आत घेतात. मी हे पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा टॉर्च धुक्यात धरल्यासारखी वाटली होती. त्या वेळी खाली करवतीचा बारीक भुसा अंथरला होता. फुकट मिळालेला, पिवळाधमक, हाताला मऊ. पहिले चार दिवस खुराडे बघत बसावे असे दिसत होते. दुसऱ्या आठवड्यात कोंबड्या शिंकायला लागल्या आणि साफसफाई करून आलो की मला रात्रभर खोकला.

मग मी भुसा दाबून केलेल्या गोळ्या आणल्या. पिशवी उघडली तर धुळीचा कणही नाही. खूश होऊन सगळ्या पसरल्या. महिना होत आला तेव्हा पुन्हा टॉर्च मारली, तर पुन्हा तेच धुके. गोळ्या म्हणजे शेवटी दाबलेला भुसाच. ओल लागली की त्या फुगून फुटतात, वाळल्या की त्यांचे पीठ होते, आणि उरलेले काम कोंबड्यांचे पाय करतात.

तेव्हापासून मी माल बघताना एकच प्रश्न विचारतो: हा माल तीन आठवडे ओला होऊन, वाळून, पायांखाली तुडवला गेल्यावर कसा असेल? पिशवीतून निघताना कमी धूळ असलेले पदार्थ पुष्कळ मिळतात. तिसऱ्या आठवड्यात कमी धूळ असलेले थोडेच.

धूळ नेमकी कसली असते

निवडीला लागण्याआधी एक गोष्ट मान्य करून टाकू. खुराड्यातली सगळी धूळ गादीची नसते. वाळलेली विष्ठा, पिसांचा आणि कातडीचा कोंडा, नव्या पिसांवरची सुटणारी पांढरी खोळ, खाद्याचे पीठ आणि बुरशीचे बीजाणू हे सगळे त्यात मिसळलेले असते. पिसे झडण्याचा काळ आला की गादी कितीही चांगली असली तरी जाळ्यांवर आणि फळ्यांवर करडा थर बसणारच. म्हणून 'धूळमुक्त' असा दावा पिशवीवर दिसला तर तो फार तर त्या पिशवीपुरता खरा माना.

खाद्य पिठाच्या रूपात देत असाल तर धुळीचा मोठा वाटा तिथूनच येत असेल. तेच खाद्य गोळीच्या किंवा भरड दाण्याच्या रूपात दिले तर फरक पडतो. लोळायची मातीची पेटी खुराड्याच्या आत ठेवली असेल तर ती आधी बाहेर काढा. कोंबडीला मातीत लोळणे हवेच, पण बंद जागेत नको. हे दोन बदल करायला काही लागत नाही आणि गादी बदलण्याआधीच निम्मी कटकट कमी होऊ शकते.

कोंबडीला ती जास्त का बाधते

पक्ष्याचे फुप्फुस आपल्यासारखे फुगत-आकसत नाही. ते छोटे आणि ताठर असते, आणि हवा खेळवण्याचे काम त्याला जोडलेल्या पातळ पडद्यांच्या वायुकोशांकडून होते. हे वायुकोश शरीरभर पसरलेले असतात, त्यांचे फाटे काही हाडांतही शिरतात. पण त्यांना रक्तपुरवठा अगदी कमी, त्यामुळे तिथे एकदा बुरशी किंवा जंतू रुजले की शरीराला त्यांच्याशी लढणे जड जाते. मोठे कण नाकातच अडकतात. बारीक, डोळ्यांना सुटे न दिसणारे कण मात्र खोलवर पोचतात.

त्यात अमोनियाची भर पडते. विष्ठेतल्या युरिक आम्लाचे जिवाणू विघटन करतात आणि अमोनिया सुटतो. श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू असतात. धूळ आणि कफ वर ढकलून बाहेर टाकायचे काम त्यांचे. अमोनिया नेमका त्यांनाच दुबळा करतो. म्हणजे झाडू मारणाराच आजारी पडला, आणि घरात कचरा येतच राहिला. कोंबड्यांच्या खुराड्यात अमोनिया 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) खाली ठेवावा असे सांगितले जाते, पण त्याहून कमी ठेवता आला तर उत्तमच.

इथेच खरी अडचण आहे. गादी फार कोरडी झाली की धूळ उडते, फार ओली झाली की अमोनिया सुटतो, बुरशी धरते आणि रक्ती हगवणीच्या परजीवींना पोसायला जागा मिळते. आपल्याला या दोन टोकांच्या मधला पट्टा सांभाळणारा माल हवा आहे.

पायरी 1: आधी खुराडे बघा

जमीन कशाची आहे? माती, सिमेंट की लाकडी फळ्या? मातीतून खालून ओल येते, सिमेंट दमट हवेत घाम सोडते, आणि फळ्यांना वजनाची मर्यादा असते. पायांवर उभ्या केलेल्या लाकडी खुराड्यात वाळू भरायचा विचार असेल तर आधी हिशेब करा. एक चौरस मीटर जागेत 8 सेंटिमीटर जाड कोरड्या वाळूचे वजन साधारण 125 ते 130 किलो होते. दोन चौरस मीटरचे खुराडे असेल तर फळ्यांवर पाव टन.

हवा कुठून येते आणि कुठून जाते? झरोके दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा वर हवेत. म्हणजे गरम दमट हवा वरून निघून जाते आणि झोपलेल्या कोंबड्यांच्या अंगावर वारा येत नाही. झरोके बंद असलेल्या खुराड्यात कुठलीही गादी हरते, हे आधीच सांगून ठेवतो.

पाण्याचे भांडे गळते का, हेही बघा. भांड्याखाली वीट किंवा जाळी ठेवून ते कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर आणले की गादीतली बरीच ओल कमी होते.

पायरी 2: पदार्थांची ओळख

हाताशी मिळणाऱ्या पदार्थांत निवड करावी लागते, म्हणून ओळीने सगळे न सांगता ज्यांच्याबद्दल बोलण्यासारखे आहे त्यांवर थांबतो.

*रंध्याच्या ढलप्या.* लाकूड रंधताना निघणारे पातळ, वळलेले पापुद्रे. माझी पहिली पसंती हीच. त्या ओल शोषतात, वळलेल्या असल्यामुळे मध्ये हवा राहते, लवकर वाळतात आणि तुटायला वेळ घेतात. आकार अंगठ्याच्या नखाएवढा किंवा त्याहून मोठा असावा. भट्टीत वाळवलेल्या आणि चाळून धूळ काढलेल्या ढलप्या मिळाल्या तर उत्तम, कारण ओल्या लाकडाच्या ढलप्या पोत्यातच बुरशी धरतात. घेताना लाकूड कोणते आणि त्यावर काय चढवले आहे हे विचारलेच पाहिजे. प्लायवुड, एमडीएफ (लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेली फळी), रंगवलेले किंवा वाळवीनाशक लावलेले लाकूड नको. त्यात डिंकाची आणि औषधांची धूळ असते. उग्र सुवासाचे सीडरचे लाकूडही टाळा. पश्चिमी लाल सीडरच्या धुळीतल्या प्लिकॅटिक आम्लाने सुतारकाम करणाऱ्यांना दमा होतो हे सिद्ध आहे, मग त्याच धुळीत चोवीस तास राहणाऱ्या पक्ष्याला ती चांगली कशी असेल?

*करवतीचा भुसा.* नको. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. ते रोज त्या धुळीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत, हे खरे. पण खुराडे झाडणारे तुम्हीच आहात.

*भाताचे तूस.* याच्याबद्दल गैरसमज खूप. तूस पाणी फारसे शोषत नाही, हा त्याचा दोष. पण त्यात सिलिका (वाळूत असतो तो कडक पदार्थ) भरपूर असल्याने ते कडक असते, सहजासहजी चुरा होत नाही, हवा खेळती राहते आणि लवकर वाळते. म्हणजे तिसऱ्या आठवड्याच्या परीक्षेत ते चांगले उतरते. अट एवढीच की तूस अख्खे हवे. कोंडा मिसळलेले किंवा भरडलेले तूस घेतलेत तर धूळही येईल, ढेकळेही होतील आणि उंदीर-किडेही. अख्खे तूसही गिरणीची धूळ घेऊन येते, म्हणून वाऱ्यावर उफणून मगच आत घ्या. मी निम्मे तूस आणि निम्म्या ढलप्या मिसळतो. एकाची ओल शोषण्याची कमी दुसरा भरून काढतो.

*गव्हाचे काड आणि पेंढा.* लांब काडांवर मेणासारखा थर असतो, पाणी आत शिरत नाही. ओले काड खाली थापले जाते आणि वरून कोरडे दिसत राहते. पोकळ नळ्यांत पिसवा आणि माइट (कोंबडीच्या अंगावरचे अगदी बारीक किडे) लपतात. बारीक कापलेले काड जरा बरे, पण कापतानाच धूळ होते, म्हणून धूळ काढून विकलेले असेल तरच घ्या. वाळलेले गवत त्याहून वाईट. त्याची पाने चुरतात आणि दमट झालेल्या गवतातले जिवाणू माणसाच्या फुप्फुसालाही सूज आणतात. शेतकऱ्यांच्या त्या आजाराला इंग्रजीत 'फार्मर्स लंग' असे नावच आहे.

*शेंगांची टरफले.* खडबडीत, हलकी, चांगली. पण दमट झाली की बुरशी फार लवकर धरतात. कुबट वास आला तर पोते परत करा, वाळवून वापरू असे मनात आणू नका. वाळवल्याने बुरशी थांबते, बीजाणू मरत नाहीत. उलट कोरडे झाल्यावर ते अधिकच उडतात. हाच नियम उसाच्या चिपाडाच्या भुग्याला. उसाचा गोडवा उरलेला असल्याने त्यात बुरशी झपाट्याने वाढते.

*नारळाच्या सोडणाचा भुगा.* स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो आणि थोडा ओलसर असताना धूळ अजिबात नाही. पूर्ण वाळला की मात्र करवतीच्या भुशाचा भाऊ. भुग्याऐवजी सोडणाचे छोटे तुकडे मिळाले तर ते घ्या.

*वाळू.* जाड, धुतलेली असेल तर धूळ कमी आणि विष्ठा चाळणीने उचलता येते. बारीक, मऊ वाळू नको. तिच्यात स्फटिकी सिलिकाची धूळ असते. वाळू ओल शोषून घेत नाही, खाली झिरपू देते. म्हणून निचरा नसलेल्या किंवा दमट जागी ती गारठलेली ओली राहते. आणि रोज चाळायचा कंटाळा असलेल्याने वाळूच्या नादी लागू नये. न उचललेली विष्ठा तिच्यात दळली जाते आणि तिची धूळ लाकडाच्या धुळीपेक्षा वाईट.

हेम्पच्या (धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या भांगेच्या जातीच्या झाडाच्या) खोडाचा चाळलेला गाभा मिळत असेल तर तो ढलप्यांच्या तोडीचा आहे. कागदाच्या पट्ट्यांना धूळ नसते पण त्या ओल्या होऊन पापड बनतात. सुकी पाने एक आठवड्यात चुरा होतात.

पायरी 3: विकत घेण्याआधीच्या चार चाचण्या

पूर्ण साठा घेण्याआधी एक छोटी पिशवी आणा आणि एवढे करा.

पहिली, तळहातांची. एक मूठ माल दोन तळहातांत धरून मिनिटभर जोर लावून चोळा. मग काळ्या कापडावर झटका. कोंबड्यांचे पाय महिनाभरात जे करणार ते तुम्ही मिनिटात केलेत. कापडावर पिठासारखा थर आला तर तो माल तिसऱ्या आठवड्यात धूळच होणार.

दुसरी, चाळणीची. पिठाच्या चाळणीतून एक लिटर माल मिनिटभर चाळा. खाली पडलेले मोजा. दोन-तीन प्रकारांची तुलना करायची असेल तर ही चाचणी सर्वात सरळ. वजनकाटा असेल तर चाळण्याआधीचे आणि नंतरचे वजन लिहून ठेवा. अंदाज फसवतो, ओळीत लिहिलेले आकडे फसवत नाहीत.

तिसरी, पाण्याची. समान मापाचे नमुने वेगवेगळ्या भांड्यांत घ्या, प्रत्येकात सारखे पाणी ओता, दहा मिनिटांनी निथळा. कोणी किती पाणी धरले ते कळेल. पण इथे थांबू नका. तेच नमुने पातळ पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी हात लावा. पाणी पुष्कळ धरणारा पण दोन दिवस न वाळणारा माल दमट हवेत तुम्हाला रडवेल. वाळू तपासायची असेल तर बाटलीत पाणी घालून जोरात हलवा. पाणी गढूळच राहिले तर माती-गाळ जास्त, म्हणजे धूळ जास्त.

चौथी, नाकाची. पिशवीत तोंड घालून वास घेऊ नका, बुरशी असेल तर तीच आत जाईल. मूठभर बाहेर काढून हातभर अंतरावरून हुंगा. लाकडाचा, काडाचा साधा वास ठीक. कुबट, मातकट वास म्हणजे नकार.

पायरी 4: अर्धे-अर्धे करून पाहा

दोन प्रकारांत मन अडकले असेल तर वाद घालत बसू नका. खुराड्याच्या मध्ये एक फळी उभी करून अर्ध्या भागात एक, अर्ध्यात दुसरा माल घाला. दोन्हीकडे कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर एकेक काळी गुळगुळीत टाइल किंवा काचेचा तुकडा ठेवा. चोवीस तासांनी बोट फिरवून बघा. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात हेच करा. एकाच हवेतली तुलना असल्याने निम्मी धूळ इकडून तिकडे जाईल हे मान्य, पण तिसऱ्या आठवड्यात गादी हाताने उचलून पाहिली की कोण चुरला आणि कोण टिकला ते लपत नाही.

पायरी 5: किती आणि कसे अंथरायचे

नियमित बदलणार असाल तर 8 सेंटिमीटर पुरते. एक चौरस मीटरला 80 लिटर माल. गादी महिनोन्महिने ठेवून वर थर चढवत जायचे असेल तर सुरुवात 10 ते 15 सेंटिमीटरने करा. पातळ थर घालून माल वाचत नाही, तो लवकर ओला होतो आणि लवकर फेकावा लागतो.

अंथरताना कोंबड्या बाहेर. पोते उंचावरून उपडे न करता जमिनीला टेकवून हळू सरकवा. तास-दीड तास झरोके उघडे ठेवून धूळ बसू द्या, मग कोंबड्या आत घ्या.

दांडीखाली एक फळी लावा. कोंबड्या रात्री बसल्या जागी बरीच विष्ठा टाकतात. ती सकाळी ओली असतानाच खरवडून काढली तर तिचे धुळीत रूपांतर व्हायला वेळच मिळत नाही. माझ्या मते कमी धुळीच्या खुराड्यात गादीच्या निवडीइतकाच या फळीचा वाटा आहे.

पायरी 6: ओल सांभाळणे

मूठभर गादी घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओली. बोटांतून सुटी वाळूसारखी गळून गेली तर फार कोरडी. किंचित चिकटून मग हळूच मोडली तर बरोबर. मोजायचेच झाले तर ओल साधारण 20 ते 25 टक्के असावी. 30 टक्क्यांच्या वर गादी थापली जायला लागते आणि 20 च्या खाली धूळ उडते.

कोरडी असेल तर बारीक फवारणी करणाऱ्या पंपाने दिवसा, कोंबड्या बाहेर असताना, थोडेसे पाणी मारा आणि ढवळा. बादलीने शिंपडायचे नाही. ओली असेल तर ती जागा शोधून काढा. बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याजवळचे किंवा दाराजवळचे एक-दोन पाट्या काढले की पुरते.

चुना मारायचा सल्ला जुना आहे. भाजलेला किंवा फक्कीचा चुना गादीत मिसळला तर तिचा सामू (पीएच) वाढतो आणि अमोनिया जास्तच सुटतो, शिवाय चुन्याची धूळ श्वासनलिका जाळते. डायटोमाइटची पूडही उवांसाठी लोक शिंपडतात. ती मुळात बारीक सिलिका आहे. धूळ कमी करायला निघालेल्याने ती गादीत टाकू नये.

अमोनिया तपासायचा तर सकाळी दार उघडल्याबरोबर, गुडघ्यावर बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन. आत पाच मिनिटे थांबलात तर नाक सरावते आणि मग काहीच कळत नाही. डोळे चुरचुरले तर गादी त्याच दिवशी बदला.

पायरी 7: साफसफाईचा दिवस

सगळ्यात जास्त धूळ तुम्ही स्वतः याच दिवशी उडवता. आदल्या संध्याकाळी नाही, काम सुरू करण्याआधी अर्धा तास गादीवर बारीक फवारा मारा. कोरडे झाडू नका. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो बारीक धूळ मागून बाहेर सोडतो. तोंडाला एन-95 मास्क, नाकाच्या कडेला नीट दाबलेला. रुमाल बांधून काही होत नाही. काढलेली गादी पाटीत भरून झाकून न्या, दारातच झटकू नका. छतावरची जाळी ओल्या फडक्याने पुसा.

पिल्लांचे आणि खोक्यांचे

पहिल्या आठवड्यातली पिल्ले दिसेल ते टिपतात. बारीक भुसा त्यांनी खाल्ला तर गळ्यातली अन्नपिशवी तुंबते. गुळगुळीत कागदावर पाय घसरून तंगड्या फाकतात. मोठ्या ढलप्या आणि सुरुवातीचे दोन-तीन दिवस वर खरबरीत कापड, हे जमते. बुरशीच्या बाबतीत पिल्लांसाठी जराही तडजोड नको. अ‍ॅस्परजिलस बुरशीचा फुप्फुसाचा आजार कोवळ्या पिल्लांना फार लवकर नेतो.

अंडी घालायच्या खोक्यात ढलप्याच घाला. खुडूक कोंबडी तिथे तीन आठवडे ठिय्या देऊन बसते, नाक गादीपासून दोन बोटांवर. खुराड्यात चालणारा माल तिथे चालेलच असे नाही, म्हणून खोक्यासाठी त्यातला सर्वात स्वच्छ, चाळलेला भाग बाजूला काढून ठेवा.

शिंका थांबत नसतील तर

गादी बदलली, खाद्य बदलले, झरोके उघडले. दोन-तीन दिवस कोंबड्या मोकळ्या हवेत असताना शिंका थांबल्या तर दोष धुळीचा होता. थांबल्या नाहीत, नाकातून पाणी येते आहे, डोळ्यात फेस आहे, तोंड सुजले आहे, चोच उघडून श्वास चालला आहे किंवा अंडी एकदम कमी झाली, तर तो आजार आहे. आजारी कोंबडी वेगळी करा आणि पशुवैद्यांना बोलवा. एकाच वेळी अनेक कोंबड्या पडू लागल्या किंवा मेल्या तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी शिवू नका आणि त्याच दिवशी कळवा.

आणि उरलेला माल जमिनीवर ठेवू नका. फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, वरून पाऊस लागणार नाही आणि बाजूने वारा लागेल असा. चांगल्या निवडलेल्या ढलप्या दोन महिन्यांनी कुबट झालेल्या मी स्वतः फेकल्या आहेत, आणि चूक फक्त पोते सिमेंटवर टेकवून ठेवल्याची होती.